मुलांच्या मानेंतील गांठी आणि सोनोग्राफी

तीन वर्षांपूर्वींच्या नरकचतुर्दशीची गोष्ट. आमच्या घरीं मुलांना अभ्यंगाचें तेल लावण्याचें काम अद्याप घरांतील वडील बायकांकडेच आहे. सात वर्षांच्या नातवाच्या मानेला तेल चोळतां चोळतां आमच्या सौ.चा हात मध्येंच थांबला. "अहो, जरा इकडे या पाहूं," एवढेंच ती म्हणाली. परंतु तो स्वर मी चाळीस वर्षें ऐकत आलों आहें. उजव्या जबड्याच्या कोनाखालीं भिजवलेल्या वालाएवढी एक गांठ हाताला लागत होती. चिरंजीवांस तिचें कांहींच नव्हतें. त्यांचें सारें लक्ष फटाक्यांकडे.

सौ.चा हात थांबावयास कारण होतें. माझ्या मानेवर डाव्या बाजूस तीन जुने व्रण आहेत. शाळेंत असतांना विद्यार्थ्यांनीं त्यांविषयीं नाना दंतकथा रचल्या होत्या. गुरुजी लहानपणीं वाघाच्या तावडींतून सुटले, ही त्यांतल्या त्यांत बरी. खरी हकीकत अगदीं साधी आहे. मी नऊ वर्षांचा असतां माझ्या मानेंत गांठी आल्या. प्रथम घरगुती लेप झाले, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून बिब्ब्याचे डाग दिले. त्यांनीं कातडी पोळली, गांठी होत्या तशाच राहिल्या. पुढें त्यांतील एक मऊ लागूं लागली तेव्हां ती पिकली असें समजून एका गृहस्थांनीं तिला चिरा दिला. ती जखम दीड वर्ष वाहत होती. चैत्राच्या उन्हांत मी गळ्याला मफलर गुंडाळून वर्गांत शेवटच्या बांकावर बसत असें. अखेर एका डॉक्टरांनीं हा क्षय आहे हें ओळखून इंजेक्शनें सुरू केलीं, आणि मी वांचलों. शाळेचें एक वर्ष बुडालें तें बुडालेंच.

आपल्या वैद्यकास या गांठी अपरिचित नाहींत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील अकरावा अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांनाच वाहिलेला आहे. आणि माधवनिदानांत गंडमालेच्या गांठींचें मान सांगतांना बोर व आवळा यांची उपमा योजिली आहे. कांहीं गांठी फुटतात, कांहीं जिरतात, तोंच दुसऱ्या उठतात, असें अपचीचें वर्णन वाचतांना माझा हात नकळत मानेकडे जातो. इंग्लंडांत हाच रोग राजाच्या हस्तस्पर्शानें बरा होतो अशी समजूत होती. पुढें कोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेले डॉक्टर जॉन्सन यांना त्यांच्या आईनें तान्ह्या वयांत, १७१२ सालीं, त्याकरितां राणी ॲनपुढें नेलें होतें. स्पर्श झाला, गुण कांहीं आला नाहीं; त्यांच्याहि मानेवरचे व्रण जन्मभर राहिले.

परंतु मानेंतील प्रत्येक गांठ म्हणजे गंडमाळा नव्हे, हें आधींच स्पष्ट सांगितलें पाहिजे. नाहीं तर माझा हा लेख वाचून पुष्कळ आया उगीचच मुलांच्या माना चांचपीत रात्रीं जागतील. आपल्या शरीरांत लसीकाग्रंथि नांवाचे सुमारें सहाशें लहान लहान पिंड आहेत, आणि त्यांतील बराच मोठा भाग एकट्या मानेंत व डोक्याच्या आसपास आहे. गांवाच्या वेशीवरील जकातनाक्यासारखें त्यांचें काम. घसा, दांत, कान, डोक्याची कातडी यांतून जो जंतु आंत येऊं पाहील त्यास तेथें अडवावयाचें. मुलांना वर्षांतून पांच-सात वेळां सर्दी-खोकला होतो, म्हणजे नाक्यावर सदैव गर्दी; म्हणून त्यांच्या ग्रंथि मोठ्या माणसांपेक्षां ठसठशीत असतात. निरोगी मुलाच्या मानेंत एक सेंटिमीटरपर्यंतची, आणि जबड्याच्या कोनाखालीं दीड सेंटिमीटरपर्यंतचीहि गांठ लागली तर सहसा चिंतेचें कारण नाहीं. घसा बरा झाल्यावरहि ती उतरावयास कित्येक आठवडे लागतात.

गांठ कोठें आहे, यावरून पुष्कळ उमगतें. मानेच्या मागें, केसांच्या कडेला असेल तर प्रथम डोकें पाहावें. उवा, खरूज किंवा फोड हें कारण निघण्याचा संभव फार, आणि असें निघालें तर आईनें लाजूं नये. हनुवटीखालीं किंवा जबड्याच्या कडेखालीं असेल तर किडलेला दांत शोधावा. मात्र गळ्याच्या हाडावर, म्हणजे हंसळीच्या वर जी खांच असते तींत लहानशी जरी गांठ लागली, तरी तिला लहान म्हणूं नये; तिचा संबंध छातीशीं वा पोटाशीं असूं शकतो. तसेंच गांठ दगडासारखी टणक असेल, बोटाखालीं हालत नसेल, दोन सेंटिमीटरांहून मोठी असेल, चार-सहा आठवड्यांत उतरण्याऐवजीं वाढत असेल, किंवा मुलाला रोज ताप येऊन वजन घटत असेल, रात्रीं घामानें अंथरूण भिजत असेल, चेहरा पांढरा पडला असेल, तर पंचांग पाहत न बसतां डॉक्टर गांठावा. आणखी एक गोष्ट: पांच दिवस हटत नाहीं असा ताप, डोळे व ओंठ लाल, अंगावर पुरळ, आणि मानेच्या एका बाजूस मोठी गांठ, हीं लक्षणें एकत्र दिसल्यास तो जपानचे डॉक्टर कावासाकी यांनीं १९६७ सालीं वर्णिलेला विकार असूं शकतो. त्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांस अपाय होतो, म्हणून तेथें एक दिवसाचाहि उशीर नको.

नातवाला घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं घसा, कान, दांत, डोकें, कांखा, जांघा व पोट तपासलें. पंधरा दिवसांपूर्वीं मुलाचा घसा आला होता हें विचारून घेतलें, आणि चार आठवडे थांबा म्हणून सांगितलें. औषध कांहीं नाहीं. सौ.ला हें मुळींच रुचलें नाहीं. औषध न देणारा डॉक्टर तिच्या हिशेबीं अर्धाच डॉक्टर. परंतु पुढें त्यांनीं जें सांगितलें तें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. गांठ कशाची हें कळण्यापूर्वीं कोणी स्टेरॉइड जातीचें औषध दिलें तर गांठ कांहीं काळ वितळल्यासारखी होते, घरचे आनंदतात, आणि ती लसीकाग्रंथींच्या कर्करोगाची असेल तर तो रोग दडून बसतो व पुढें त्याचें निदान अवघड होतें.

चार आठवड्यांनीं गांठ होती तेवढीच होती. एरवीं आणखी थांबतां आलें असतें. परंतु माझी मान पाहून डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी करून घेऊं.

सोनोग्राफी केंद्राच्या दारांतच, येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं, तो कायद्यानें गुन्हा आहे, अशी पाटी असते. गळ्याची गांठ दाखवावयास आलेल्या सात वर्षांच्या मुलानें ती मोठ्यानें वाचून मला अर्थ विचारला, आणि व्याकरण शिकविण्यांत हयात गेलेल्या मला उत्तर सुचेना. उपकारक यंत्रावर ही पाटी लावण्याची पाळी आपणच आणली. असला कायदा देशांत प्रथम आपल्या महाराष्ट्रानें केला, १९८८ सालीं. सर्व देशाचा कायदा १९९४ चा. असो.

आंत तपासणाऱ्या डॉक्टरीण बाई माझ्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. "गुरुजी, तुम्ही इथें स्टुलावर बसा, म्हणजे पडदा दिसेल," असें म्हणून त्यांनीं नातवाच्या मानेखालीं उशी सरकविली, गळ्यावर गार लगदा चोपडला, आणि हातांतील चपटी दांडी त्यावर फिरवूं लागल्या. सुई नाहीं, भूल नाहीं, बोगद्यासारख्या यंत्रांत जावयाचें नाहीं. क्षकिरणांचा लवलेश नाहीं, म्हणून मुलांच्या बाबतींत पहिली पसंती हिलाच. लगदा कशाला, असें मीं विचारलें. दांडी व कातडी यांमध्यें हवेचा पातळ थर जरी राहिला तरी ध्वनि तेथूनच परत फिरतो, आंत शिरत नाहीं. लगदा ती हवा घालवितो.

हें यंत्र म्हणजे प्रतिध्वनीचा हिशेब ठेवणारा कारकून आहे. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. मानेकरितां वापरतात ती दांडी सेकंदाला एक कोटीच्या आसपास कंपनें करते. शरीरांतून ध्वनि सेकंदाला सरासरी १५४० मीटर वेगानें जातो. तेव्हां दोन सेंटिमीटर खोलीवरील गांठीला लागून परत यावयास त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे अवघे सव्वीस भाग लागतात. तेवढा वेळ मोजून यंत्र खोली ठरवितें, आणि परत आलेला आवाज किती जोराचा यावरून ठिपका उजळ कीं काळा हें ठरवितें. गणित करून पाहिलें तर अशा लहरीची लांबी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी येते. म्हणून बारीक तपशील दिसतो. मात्र इतक्या बारीक लहरी फार खोल जात नाहींत. पोटाला जाडी लहर लागते. मुलाची मान पातळ, तिला ही बारीक लहर सोईची.

या विद्येचा उगम कोठला म्हणाल तर स्फटिकांत. स्फटिक दाबला कीं त्यांत वीज उत्पन्न होते, हें पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. पहिल्या महायुद्धांत लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं त्याचा उपयोग समुद्रांतील पाणबुड्या शोधण्याकडे केला. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनीं तर १९५५ सालीं शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून बॉयलरच्या कारखान्यांत नेल्या. तेथें लोखंडांतील भेगा शोधणारें ध्वनियंत्र होतें; त्यांत भरीव गांठ व पाण्यानें भरलेली गांठ यांचे प्रतिध्वनि निराळे येतात असें त्यांस आढळलें. पुढें असाध्य कर्करोग म्हणून सोडून दिलेल्या एका बाईच्या पोटांत केवळ पाण्याची मोठी थैली आहे हें त्यांनीं या यंत्रानें ओळखलें, थैली काढली, आणि बाई जगली. त्यांचा निबंध १९५८ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत आला. मुलांच्या मानेच्या गांठींत आज जो पहिला प्रश्न विचारतात तो हाच: भरीव कीं पाण्याची?

पडद्यावर बाईंनीं मला गांठ दाखविली. ती लांबट होती, राजम्याच्या दाण्यासारखी. कडा गुळगुळीत, आणि मध्यें एक उजळ रेघ. त्या रेघेंतून रक्तवाहिन्या आंत शिरतात. दाण्याला जसा डोळा तसें तें ग्रंथीचें द्वार. लांबी १७ मिलिमीटर, जाडी ७. लांबी जाडीच्या दुप्पट किंवा अधिक असावी, हें सौम्य गांठीचें चांगलें लक्षण. येथें ती जवळजवळ अडीच पट. मग त्यांनीं एक कळ दाबली आणि त्या रेघेंत तांबडे-निळे ठिपके लुकलुकूं लागले. तांबडी ती रोहिणी व निळी ती नीला, असें मी शिक्षकी थाटांत नातवाला सांगून गेलों. "नाहीं हो गुरुजी," बाई हंसून म्हणाल्या, "तांबडें म्हणजे दांडीकडे येणारें रक्त, निळें म्हणजे दूर जाणारें." १८४२ सालीं प्रागमध्यें डॉप्लर यांनीं ताऱ्यांच्या रंगाविषयीं जो नियम मांडला त्याच नियमानें हें दिसतें. रक्त द्वारांतून शिरून फांद्यांसारखें पसरलें आहे, कडेकडेनें आंत घुसत नाहीं, हेंहि बरें लक्षण. सर्व मिळून बोध असा कीं घसा आल्यामुळें ग्रंथि कामास लागली आहे, आणखी कांहीं नाहीं. दोन महिन्यांनीं ती वाटाण्याएवढी झाली.

येथेंच लेख संपविला असता तर यंत्राची स्तुति झाली असती. परंतु त्याच वर्षीं शिमग्याच्या सुमारास धाकट्या बंधूंच्या नातीला गांठी आल्या. मुलगी अकरा वर्षांची. मानेच्या डाव्या बाजूस मागच्या अंगाला तीन गांठी, दुखत नव्हत्या, म्हणून महिनाभर कोणी मनावर घेतलें नाहीं. त्याच खोलींत, त्याच पडद्यावर हें चित्र मात्र निराळें होतें. गांठी एकमेकींस चिकटलेल्या. सर्वांत मोठी २६ बाय १९ मिलिमीटर, म्हणजे गोलसर. उजळ रेघ नाहींशी झालेली, आणि मधोमध एक काळा डाग, ज्यांत रक्ताचा ठिपका कोठेंच लुकलुकेना. बाई बराच वेळ बोलल्या नाहींत. मला बोलण्याची गरजहि नव्हती.

त्यांनीं पुढें जें सांगितलें तें त्यांच्या विद्येची मर्यादा सांगणारें होतें, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावरील विश्वास वाढला. चिकटलेल्या गांठी व मध्यें काळें पडलेलें, हें क्षयाकडे बोट दाखवितें; गोल, काळी, रेघ नसलेली आणि रक्तानें भरलेली गांठ कर्करोगाची शंका आणते; एकाच गांठीचा मध्य पातळ होऊन भोंवतीं सूज असेल तर साधा पू; कावासाकींच्या विकारांत द्राक्षांच्या घोसासारख्या पुष्कळ गांठी एकत्र दिसतात. परंतु या सर्व खुणा एकमेकींच्या हद्दींत शिरतात. साध्या सुजेची गांठहि केव्हां गोल दिसते. ध्वनि आकार सांगतो, पोत सांगतो, रक्त कोठून जातें तें सांगतो. जंतूचें नांव सांगत नाहीं. तें नांव हवें असेल तर गांठींतील पेशी काढून पाहाव्या लागतात, आणि कर्करोगाची शंका असल्यास बहुधा सबंध गांठच काढून तपासावी लागते.

पडद्यावर पाहत पाहत बारीक सुईनें नेमक्या काळ्या भागाच्या कडेचा नमुना घेतला. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, आणि त्यांतील थोडा सातारला जंतूच्या जनुकांच्या तपासणीस धाडला. ही तपासणी सुमारें दोन तासांत जंतु आहे कीं नाहीं तें सांगते, आणि रिफांपिसिन हें मुख्य औषध त्यावर चालेल कीं नाहीं तेंहि सांगते. क्षयच निघाला, औषध चालणारा निघाला.

घरांत त्या रात्रीं जेवणें कशींबशीं झालीं. भावजय म्हणाली, "दादा, मुलीची जात आहे, हें बाहेर कोणाला सांगूं नका." मी तिला दोष देत नाहीं. पण मुलीच्या गळ्याला उन्हाळ्यांत ओढणी गुंडाळलेली पाहिली तेव्हां माझा मफलर मला आठवला. गांठींचा क्षय एकाचा दुसऱ्याला लागत नाहीं. मुलाला तो छातीचा क्षय असलेल्या कोणा मोठ्या माणसापासून मिळतो. म्हणून लपविण्याऐवजीं घरांतील सर्वांच्या छात्यांचीं चित्रें काढलीं. तीं स्वच्छ निघालीं. शिवाय २०१२ पासून क्षयाचा रोगी सरकारास कळविणें डॉक्टरांस बंधनकारक आहे, आणि औषधें सरकारकडून फुकट मिळतात. लाज बाळगून मिळवावयाचें काय?

औषध सहा महिन्यांचें: पहिले दोन महिने चार औषधें, पुढें चार महिने तीन. रिफांपिसिननें लघवी नारिंगी होते. हें मुलीला कोणी आधीं सांगितलें नव्हतें. ती बिचारी रक्त जातें असें समजून न्हाणीघरांत रडत बसली. खरी कसोटी मात्र दुसऱ्या महिन्यांत लागली. भूक वाढली, वजन वाढलें, पण गांठ एकदम फुगली आणि वरची कातडी तांबूस झाली. औषध लागू पडत नाहीं, बंद करूं, मुंबईच्या कोणाकडे तरी जाऊं, असें पुतण्या म्हणूं लागला. कोणी शेजाऱ्यांनीं चिरा देऊन मोकळें करावें असेंहि सुचविलें. मी आयुष्यांत घरांत क्वचितच आवाज चढविला आहे. तो त्या दिवशीं चढविला.

पुन्हां सोनोग्राफी झाली. आंत पातळ द्रव जमला होता, नवीन गांठ एकहि नव्हती. डॉक्टरांनीं समजाविलें कीं मेलेल्या जंतूंवर शरीर जेव्हां तुटून पडतें तेव्हां चांगल्या चाललेल्या औषधांतहि असें होतें; तें औषधाचें अपयश नव्हे. चिरा दिला नाहीं. गांठीवरच्या पातळ कातडींतून नव्हे, तर बाजूच्या निरोगी कातडींतून तिरपी सुई घालून, पडद्यावर टोंक पाहत, तो द्रव ओढून घेतला. असें दोनदां करावें लागलें. औषध एक दिवसहि चुकलें नाहीं. डबी माझ्याकडे होती.

गणपति गेल्यावर शेवटची तपासणी झाली. एक गांठ ९ मिलिमीटरची उरली आहे, तींत चुन्यासारखे उजळ कण दिसतात. ती तशीच राहील, तिच्यामागें लागूं नका, असें बाई म्हणाल्या. मानेवर सुईच्या खुणांखेरीज कांहीं नाहीं, आणि त्याहि आतां शोधाव्या लागतात.

दोन्ही मुलांचीं चित्रें व अहवाल मीं तारीखवार एका फाइलींत लावून ठेवले आहेत. पुढें कधीं गांठ पुन्हां हाताला लागली तर नव्या डॉक्टरांस मागचें माप लागेल. पूर्वीं आवळ्याएवढी कीं बोराएवढी हें आजीच्या आठवणीवर असे. आतां तें मिलिमीटरांत लिहिलेलें आहे. सौ. मात्र अजून दर नरकचतुर्दशीस तेल लावतांना स्वतःच्या बोटांनींच पाहते, आणि मग मला सांगते, "वाटाण्याएवढीच आहे हो."